टॅपेट कव्हरमधून ऑइल पुन्हा पुन्हा गळतंय? नवीन पॅकिंग बसवण्याआधी हे तपासा

गाडी चालवून आल्यावर बॉनेटजवळ जळक्या ऑइलचा वास येतो, पण खाली जमिनीवर एक थेंबही नसतो. टॅपेट कव्हरचं, म्हणजेच इंजिनाच्या माथ्यावरच्या व्हॉल्व्ह कव्हरचं पॅकिंग गळायला लागल्याचं हे सगळ्यात नेहमीचं लक्षण. कव्हरच्या कडेतून झिरपलेलं ऑइल हेडवरून खाली ओघळतं, तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पडतं आणि तिथेच जळतं. डाग न पडण्याचं कारण हेच. सिग्नलला थांबल्यावर एसीच्या जाळीतून तोच वास आत येतो. कधी बॉनेटच्या फटीतून पातळसा धूरही दिसतो.

बाकीची लक्षणं हळूहळू कळतात. दोन सर्व्हिसिंगच्या मधे डिपस्टिकवरची ऑइलची पातळी खाली जाते. कव्हरच्या कडेने आणि बोल्टच्या डोक्यांभोवती धूळ आणि ऑइलचा काळा, चिकट थर बसतो. सकाळी पहिल्यांदा चालू केल्यावर गाडी मिस मारते, पिकअप अडखळतो, चेक इंजिनचा दिवा लागतो. इग्निशन कॉइल वर काढली की तिचं रबरी टोक ऑइलने माखलेलं निघतं. काही गाड्यांत ऑइल कव्हरच्या मागच्या बाजूने उतरून इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून टपकतं. ते पाहून क्रँकचं मागचं ऑइल सील गेल्याचं निदान होतं आणि विनाकारण गिअरबॉक्स उतरवला जातो. म्हणून खालून ओलं दिसलं तरी तपासणी नेहमी वरून सुरू करा.

हा दोष मी खूपदा दुरुस्त केलाय. माझ्याकडे आलेल्या बऱ्याच गाड्यांना आधीच एकदा नवीन पॅकिंग बसवलेलं होतं. जुनं रबर वर्षानुवर्षं उष्णता खाऊन कडक आणि चपटं होतं, त्यामुळे पहिल्यांदा गळती झाली तर दोष वयाचा. पण नवीन पॅकिंग काही महिन्यांत परत गळायला लागलं, तर त्या पॅकिंगला दोष देण्यात अर्थ नाही. एक तर इंजिनाच्या आत दाब साचतोय, नाही तर पॅकिंग बसवताना जागा नीट साफ झाली नव्हती, नाही तर बोल्ट गरजेपेक्षा जास्त आवळले गेले. कारण न शोधता तिसरं पॅकिंग आणलंत तर तेही गळेल. खालचा क्रम त्यासाठीच आहे. सुरुवातीच्या तपासण्यांना जवळजवळ काहीच खर्च नाही.

आधी डिपस्टिक आणि ऑइलचं झाकण

गाडी सपाट जागेवर लावा, इंजिन बंद करून थोडा वेळ थांबा, मग डिपस्टिक पुसून परत घाला आणि बघा. पातळी खालच्या खुणेच्या खाली असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ऑइल भरा. गळतीची दुरुस्ती काही दिवस थांबू शकते, पण ऑइलशिवाय बेअरिंग टिकत नाहीत. पातळी वरच्या खुणेच्या बरीच वर असेल तर तेही नोंदवून ठेवा. जास्त भरलेलं ऑइल क्रँकशाफ्ट घुसळतो, फेस होतो आणि कमकुवत सीलमधून ते बाहेर पडायला लागतं.

आता ऑइल भरायचं झाकण उघडून त्याखालची रबरी रिंग बोटाने दाबून बघा. ती कडक झाली असेल, तिला चिरा पडल्या असतील, तर झाकणाभोवतून निघालेलं ऑइल कव्हरवरून वाहत बरोबर पॅकिंगच्या कडेला जमतं आणि दोष पॅकिंगवर जातो. ऑइल बदलताना सांडलेलं ऑइलही तिथेच जाऊन बसतं. रिंग बदलणं हे या यादीतलं सगळ्यात स्वस्त काम, आणि कधी कधी गळती तेवढ्यावरच थांबते.

झाकणाच्या आतल्या बाजूला पिवळट, साईसारखा थर दिसला तर लगेच घाबरू नका. रोज अगदी थोडं अंतर चालणाऱ्या गाडीत इंजिन पुरेसं तापत नाही, आतली वाफ उडून जात नाही आणि असा थर जमतो. पण त्याच वेळी कूलंटची पातळीही खाली जात असेल किंवा डिपस्टिकवरचं ऑइलच दुधाळ दिसत असेल, तर इथेच थांबा. गाडी चालवू नका आणि मेकॅनिकला दाखवा. तो हेड गॅस्केटचा प्रश्न असू शकतो.

धुऊन, वाळवून मग बघा

माखलेल्या इंजिनावर गळतीची जागा शोधता येत नाही. ऑइल खाली उतरतं, पंख्याच्या आणि गाडीच्या वाऱ्याने मागे पसरतं, त्यामुळे सगळ्यात ओली दिसणारी जागा ही क्वचितच खरी जागा असते. शोधायचा असतो सगळ्यात वरचा ओला बिंदू.

इंजिन थंड असताना अल्टरनेटर आणि वायरिंगचे कनेक्टर प्लास्टिकने झाका. डीग्रीझर मारा, जुन्या ब्रशने कडा घासा आणि ओल्या फडक्याने पुसून घ्या. प्रेशरचं पाणी मारू नका, कनेक्टरमध्ये पाणी गेलं की नवीनच दुखणं मागे लागतं. सगळं कोरडं झालं की कव्हरच्या सांध्यावर टाल्कम पावडर भुरभुरवा, थोडी गाडी चालवून आणा आणि टॉर्च व छोटा आरसा घेऊन कडेने फिरा. पांढऱ्या पावडरीवर ताज्या ऑइलची रेघ स्पष्ट उठते. मागची, फायरवॉलकडची (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याकडची) बाजू आरशाशिवाय दिसत नाही आणि गळती बहुतेकदा तिथेच असते. इंजिन नुकतंच बंद केलं असेल तर हात घालताना जपा. कूलिंग फॅन काही गाड्यांत चावी बंद असतानाही फिरायला लागतो.

रेघ कव्हरच्या सांध्यातून न येता दुसरीकडून येत असेल तर पॅकिंगला हात लावू नका. कॅम सेन्सरची ओ-रिंग, जुन्या गाड्यांतली डिस्ट्रिब्युटरची ओ-रिंग, कॅमशाफ्टचं पुढचं ऑइल सील, व्हॉल्व्ह टायमिंगच्या सोलेनॉइडचं सील हे सगळे कव्हरच्या जवळच बसलेले असतात आणि त्यांची गळती अगदी तशीच दिसते. डिस्ट्रिब्युटर असलेल्या गाडीत मी आधी त्याच्या खाली बोट फिरवून बघतो. बोट ओलं आणि वरचा सांधा कोरडा असेल तर गळती डिस्ट्रिब्युटरची.

बोल्ट

बहुतेक जुन्या गाड्यांत या कव्हरचे बोल्ट ६ मिमीचे असतात, त्यांना दहा नंबरचा पाना लागतो. इंजिन थंड असताना छोट्या पान्याने प्रत्येक बोल्ट हलकेच तपासा. एखादा सहज फिरत असेल तर तो ढिला झालाय. तो बाकीच्यांइतका आवळा, परत धुवा, परत पावडर टाका. अनेकदा तेवढ्यावर काम होतं.

सगळे बोल्ट घट्ट असतील तर तिथेच थांबा. अजून जोर लावून गळती थांबवायचा मोह सगळ्यांना होतो आणि त्यानेच सगळ्यात जास्त नुकसान होतं. या बोल्टांचा टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, साधारण ८ ते १० न्यूटन मीटर असतो. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा. मनगटाच्या जोराने हा आकडा नकळत ओलांडला जातो. जास्त आवळलं की रबर बोल्टपाशी बाहेर पिळून निघतं, पत्र्याचं कव्हर बोल्टपाशी दबतं आणि दोन बोल्टांच्या मधे उचललं जातं, गळती मधून सुरू होते. प्लास्टिकच्या कव्हरला चीर जाते. आणि हेड ॲल्युमिनियमचं असल्यामुळे त्यातले आटे जायला फारसा वेळ लागत नाही. काही बोल्टांना खांदा असतो, तो हेडला टेकला की पुढे कितीही आवळा, पॅकिंगवर दाब वाढत नाही, फक्त बोल्ट तुटतो.

आतला दाब: हीच तपासणी राहून जाते

पिस्टन रिंगांच्या कडेने थोडा जळलेला वायू खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकशाफ्टभोवतीच्या पोकळीत जातोच, नव्या इंजिनातही जातो. तो बाहेर काढायला पीसीव्ही व्हॉल्व्ह आणि ब्रीदरचा पाइप असतो. इनटेक मॅनिफोल्डच्या व्हॅक्यूमने हा वायू ओढला जातो आणि परत सिलिंडरमध्ये जळतो. हा मार्ग चोंदला की वायूला जागा उरत नाही, आत दाब वाढतो आणि तो सगळ्यात कमकुवत सांधा शोधतो. टॅपेट कव्हरचा सांधा लांबलचक आणि हलक्या बोल्टांवर धरलेला, म्हणून तो आधी हरतो.

पेट्रोल गाडीत हे तपासायला कागदाचा एक तुकडा पुरतो. इंजिन चालू करून गरम होऊ द्या, आयडलवर (रेस न देता) ठेवा, ऑइलचं झाकण काढा आणि त्या तोंडावर जाडसर कागद ठेवा. कागद हलकेच आत ओढला गेला तर ठीक. फडफडून वर उडाला, सोबत धूर फुसफुसत बाहेर आला, तर दाब साचतोय. झाकण काढल्यावर आयडल थोडा बदलणं काही गाड्यांत स्वाभाविक आहे. उलट, कागद जोरात चिकटला आणि शिट्टीसारखा आवाज आला, तर काही गाड्यांत कव्हरच्या आतच असलेला पीसीव्हीचा पडदा फाटलेला असतो. डिझेल आणि टर्बो गाड्यांत आतल्या वायूची व्यवस्था वेगळी असते, तिथे या कागदावरून निष्कर्ष काढू नका.

सुटा पीसीव्ही व्हॉल्व्ह असेल तर काढून कानाशी हलवा. आत खुळखुळ वाजायला हवं. न वाजणारा व्हॉल्व्ह ऑइलच्या गाळाने अडकलेला असतो. तो धुऊन तात्पुरतं काम होतं, पण भाग स्वस्त असतो, नवीनच बसवा. मात्र व्हॉल्व्ह बदलून थांबू नका, त्याचा पाइपही काढा. ओळखीतल्या एका जुन्या गाडीचं पॅकिंग एका गॅरेजमध्ये पुन्हा पुन्हा बदलून झालं होतं, व्हॉल्व्हही नवा होता, तरी कड ओली ती ओलीच. ब्रीदरचा पाइप बाहेरून धडधाकट दिसत होता. दोन्ही टोकांनी सोडवून त्यातून उजेड बघायचा प्रयत्न केला तर काहीच दिसेना. कोपऱ्यातल्या वळणात काळा, डांबरासारखा गाळ घट्ट बसलेला, आणि इंजिन तापल्यावर मऊ पडलेलं रबर तिथेच आत चपटं होत होतं. पाइप नवा टाकला, मग पॅकिंग. त्यानंतर ती कड कोरडी आहे. म्हणून माझं ठाम मत आहे, की पीसीव्हीचा मार्ग उजेडात बघितल्याशिवाय पॅकिंगचा डबा उघडूच नये.

व्हॉल्व्ह आणि पाइप दोन्ही मोकळे असूनही दाब येत असेल, तर रिंगा किंवा सिलिंडर झिजलेत. इथे घरचं काम संपतं. कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. झिजलेल्या इंजिनावर नवीन पॅकिंग टिकत नाही, आणि इंजिन उघडून त्याचं काम करायचं की नाही हा निर्णय ती टेस्ट बघूनच घ्यायला हवा.

प्लगच्या विहिरी

अनेक इंजिनांत स्पार्क प्लग कव्हरमधून गेलेल्या खोल नळ्यांच्या तळाशी असतात. त्या नळ्यांची वेगळी सीलं असतात. कॉइल किंवा प्लगची वायर काढून टॉर्चचा झोत आत सोडा. तळाशी काळी चकाकी दिसली तर तिथे ऑइल साचलंय. त्याने कॉइलचं रबर फुगतं, ठिणगी प्लगपर्यंत न पोहोचता बाजूने निसटते, गाडी मिस मारते आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापवतं. महागडं नुकसान इथे होतं, म्हणून मिस मारणारी गाडी फार दिवस तशीच चालवू नका.

प्लग काढायच्या आधी हे ऑइल सिरिंजने ओढून घ्या आणि फडक्याने तळ पुसा. नाही तर प्लग सुटताच सगळं सिलिंडरमध्ये उतरतं.

पॅकिंग बदलायचंच ठरलं तर

इंजिन पूर्ण थंड हवं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. मोबाइलवर सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवा आणि प्रत्येक वायरला, पाइपला चिकटपट्टीवर नंबर टाका. नवीन पॅकिंगसोबत नळ्यांची सीलं आणि बोल्टांखालचे रबरी वायसर असा पूर्ण संच घ्या. जुन्या कडक वायसरवर नवीन पॅकिंग बसवलं तर दाब समान पडत नाही.

बोल्ट बाहेरून आतल्या दिशेने, प्रत्येकी थोडे थोडे ढिले करा. कव्हर चिकटलेलं असेल तर रबरी हातोडीने कडेला हलके ठोके द्या. सांध्यात स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका, पडलेला एक ओरखडा पुढची गळती ठरतो. कव्हर निघालं की हेडवरची उघडी भोकं स्वच्छ, धागे न सुटणाऱ्या फडक्याने झाकून घ्या. आत पडलेला वायसर शोधायला पुढे सगळा दिवस जातो.

यानंतर सफाई, आणि पॅकिंग टिकणार की नाही हे इथेच ठरतं. जुन्या रबराचे, सिलिकॉनचे अवशेष प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. ड्रिलला घासायची चकती लावू नका. ॲल्युमिनियम झिजतं आणि तिचे बारीक कण ऑइलमधून थेट बेअरिंगपर्यंत जातात. शेवटी ब्रेक क्लीनर फडक्यावर घेऊन दोन्ही पृष्ठभाग पुसा. बोट फिरवल्यावर तेलकटपणा अजिबात लागता कामा नये. कव्हरच्या खाचेत कोपऱ्यांमध्ये गाळ राहतो, तो टूथपिकने काढा. मग कव्हर उलटं ठेवून कडेवर स्टीलची सरळ पट्टी आडवी धरा आणि मागून उजेड बघा. मधे फट दिसत असेल तर कव्हर वाकलंय, ते बदला.

रबरी पॅकिंग कोरडंच बसतं. संपूर्ण कडेला सिलिकॉन फासण्याची सवय बऱ्याच ठिकाणी दिसते, ती चूक आहे. ओल्या सिलिकॉनवर रबर घसरतं, आवळताना खाचेतून बाहेर येतं आणि आत पिळलेलं जादा सिलिकॉन सुटून ऑइलच्या जाळीत अडकतं. सिलिकॉनचा छोटा ठिपका फक्त तिथे, जिथे पॅकिंगला पातळी किंवा दिशा बदलावी लागते: टायमिंग कव्हर आणि हेड मिळतात ते सांधे आणि कॅमच्या टोकाची अर्धगोल वळणं. सेन्सर खराब न करणारं, ऑइल सोसणारं सिलिकॉनच वापरा आणि ते किती वेळ सुकू द्यायचं हे ट्यूबवर वाचा. तेवढा वेळ इंजिन चालू करू नका.

पॅकिंग कव्हरच्या खाचेत पूर्ण बसवून कव्हर सरळ खाली ठेवा, सरकवू नका. मागची कड आरशात बघा, पॅकिंग तिथेच निसटतं. सगळे बोल्ट आधी हाताने लावा, मग मधून बाहेरच्या दिशेने दोन-तीन फेऱ्यांत टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत आवळा. मॅन्युअलमध्ये क्रम दिला असेल तर तोच पाळा.

इथे थांबा, मेकॅनिकला बोलवा

हेडमध्ये बोल्ट तुटला किंवा आटे गेले, तर स्वतः ड्रिल लावू नका. आट्यांची दुरुस्ती होते, पण भोक तिरकं गेलं तर हेड उतरवावं लागतं. टायमिंग बेल्ट ऑइलने भिजलेला दिसला तर गाडी चालू करू नका. ऑइलने बेल्टचं रबर फुगतं, दात सुटतात, आणि ज्या इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टनची जागा एकमेकांत येते तिथे बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह वाकतात. गळती थांबवून बेल्टही बदलावा लागतो. व्ही आकाराच्या इंजिनात मागच्या कव्हरसाठी बऱ्याचदा इनटेक मॅनिफोल्ड काढावा लागतो आणि काही डिझेल इंजिनांत इंजेक्टर कव्हरमधूनच गेलेले असतात. उच्च दाबाच्या इंधन लाइनला घरी हात लावणं धोक्याचं, ते काम जाणकाराकडेच द्या. चालत्या गाडीत बॉनेटमधून दाट धूर यायला लागला तर लगेच बाजूला घ्या, इंजिन बंद करा, सगळ्यांना उतरवा. तापलेल्या मॅनिफोल्डवर ऑइल पेट घेऊ शकतं. बॉनेट घाईने पूर्ण उघडू नका, हवा मिळाली की आग भडकते.

काम झाल्यावर पहिल्यांदा इंजिन तापेल तेव्हा थोडा धूर आणि वास येईल, मॅनिफोल्डवर आधी सांडलेलं ऑइल जळून जातंय. एकदा-दोनदा गाडी चालवल्यावर तो थांबायला हवा. आठवडाभराने इंजिन थंड असताना सांध्यावर परत पावडर टाकून बघा. पॅकिंग कॉर्कचं असेल तर ते थोडं दबतं, तेव्हा बोल्ट ठरलेल्या टॉर्कवर एकदा तपासा, त्यापुढे नाही. रबरी असेल तर बोल्टांना परत हात लावायची गरज नाही.